पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी: डेस्कटॉप नेमका कुठे अडला आहे ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षं जुना डेस्कटॉप परवापर्यंत नीट चालत होता. साफसफाईसाठी सगळ्या केबली काढून तो हलवला, दोन दिवसांनी पुन्हा जोडला. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, पुढचा दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. क्वचित कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ज्यांना दाखवला त्यांनी "मदरबोर्ड गेला" असं सांगितलं. आत घरातले फोटो आणि कामाच्या फायली आहेत. बोर्ड खरंच गेला असेल का, आणि डेटा वाचेल का?

एवढ्या लक्षणांवरून बोर्ड गेला असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे. बोर्ड जातात, मीही बदलले आहेत, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, बाकीचं एकेक वगळून झाल्यावर. त्यातून तुमचं मशीन हलवल्यानंतर लगेच बंद पडलंय. अशा वेळी माझा पहिला संशय रॅमवर असतो, दुसरा ग्राफिक्स कार्डावर आणि तिसरा बोर्डावरच्या त्या छोट्या गोल सेलवर. तिन्ही गोष्टी घरी तपासता येतात.

पण हात लावण्याआधी बटण दाबल्यावर आत काय घडतं ते समजून घ्या, कारण दुरुस्ती त्यावरच उभी असते. प्लग लावलेला असताना मशीन बंद असलं तरी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बोर्डाला ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा सतत देत असतो. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला सुरू व्हायला सांगतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस "वीज ठीक आहे" असा संकेत पाठवतो. तो आल्याशिवाय प्रोसेसर कामालाच लागत नाही. मग प्रोसेसर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम, वाचतो, बायोस रॅम तपासतो, डिस्प्ले सुरू करतो, आणि त्यानंतर कुठे डिस्कवरून विंडोज उचलायची पाळी येते. "कॉम्प्युटर सुरू होत नाही" या एका वाक्यात या साखळीतली कुठलीही कडी असू शकते. काळ्या स्क्रीनसाठी विंडोज नव्याने टाकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. पण बायोसचं चिन्हच दिसत नसेल तर गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नसते. डिस्क पूर्ण काढून ठेवली तरी चिन्ह दिसायला हवं, बायोसमध्ये जाता यायला हवं.

आता तुमच्या मशीनकडे. आधी मॉनिटर. तो दुसऱ्या कशाला तरी जोडून बघा, त्याच्या मेनूमध्ये योग्य इनपुट निवडलंय ना ते बघा. मग केबल कुठे लावलीय ते बघा. हलवल्यानंतर होणारी ही सगळ्यात सामान्य चूक आहे: ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाच्या पोर्टला लागते आणि स्क्रीन काळी राहते. कार्डाचे पोर्ट कॅबिनेटच्या मागे खालच्या भागात, आडव्या पट्ट्यांमध्ये असतात. केबल तिथेच हवी.

तिथे ठीक असेल तर प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल, आणि कॅबिनेटची बाजू उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. गालिच्यावर उभं राहून हे काम करू नका. बोटांवरच्या स्थिर विजेने चिप जाते आणि गेलेली दिसतही नाही.

रॅमच्या सगळ्या स्टिक काढा. सोनेरी टोकांवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुगा पूर्ण झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड असेल तर ते अधिक चांगलं. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार आत जातात. आता एकच स्टिक परत लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसरा स्लॉट हा एका स्टिकसाठी योग्य असतो, बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. स्टिक दाबताना मन घट्ट करावं लागतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, खटका "टक्" असा स्वतःहून बसेपर्यंत दाबायची. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, आणि दुसरी बाजू केसभर वर राहिलेली पटकन कळत नाही. डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने बघा, सोनेरी रेघ दोन्हीकडे सारखी झाकली गेली पाहिजे. अशी एका बाजूने अर्धवट बसलेली रॅम मी इतक्या वेळा पाहिलीय की "हलवल्यावर बंद पडलं" असं कुणी म्हटलं की मी आधी तिथेच बघतो.

सुरू करून बघा. नाही झालं तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक आधीच्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच बदल करा आणि कागदावर टिपून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो आठवड्याने परत येतो. मशीन डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅमचं असेल तर आणखी एक: रॅम बदलल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळणी करून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. अर्ध्या मिनिटात बंद करून "नाही चालत" असं ठरवू नका.

याच टप्प्यावर बोर्ड जिवंत आहे का हे जाणून घ्यायची एक सोपी युक्ती सांगतो. अनेक बोर्डांच्या कडेला चार छोटे दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क). सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात, आणि जिथे अडलंय तिथला दिवा लागून राहतो. दिवे नसतील तर बोर्डावर स्पीकरच्या चार पिना असतात, तिथे छोटा बझर लावता येतो. आता सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बोर्डाने बीप दिले किंवा डीरॅमचा दिवा लावला, तर याचा अर्थ प्रोसेसरने बायोस वाचला, रॅम शोधली आणि "रॅम नाही" अशी तक्रार केली. म्हणजे प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा मोठा भाग काम करतोय. तक्रार करणारा बोर्ड मला नेहमी धीर देतो. रॅम असो वा नसो, तो पूर्ण गप्प राहिला तर मात्र काळजी वाढते. बीपची भाषा बायोसच्या कंपनीगणिक बदलते, त्यामुळे सरसकट तक्ते पाठ करण्यात अर्थ नाही, आपल्या बोर्डाची पुस्तिका उघडावी.

रॅम निर्दोष निघाली तर ग्राफिक्स कार्ड. ते काढून, टोकं पुसून, परत घट्ट बसवा आणि त्याला वरून जाणारी ६ किंवा ८ पिनांची वीज जोडलीय ना ते बघा. कार्ड न लावता बोर्डाच्या पोर्टवरून तपासायचं असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स हवं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यांत ते नसतं. एएमडी रायझेनच्या ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांत नावात जी हे अक्षर असलेल्यांतच ते असतं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या बोर्डावर "डिस्प्ले येत नाही" असा शिक्का बसतो.

आता तो सेल. बोर्डावर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. घड्याळ आणि बायोसची सेटिंग तो सांभाळतो. तुमच्या गोष्टीत मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण प्लग लावलेला असताना हे काम त्या सततच्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतं आणि सेल संपत आल्याचं वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. तुम्ही दोन दिवस प्लग काढून ठेवलात आणि सगळा भार सेलवर आला. तो दमलेला असेल तर सेटिंग पुसली जाते. मग कधी मशीन अडखळतं, कधी तारीख अनेक वर्षं मागे जाते, आणि कधी बायोस डिस्क वाचायची पद्धतच बदलून बसतो. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदला. मीटर नसेल तरी चार वर्षांनंतर बदलायला हरकत नाही. प्लग काढून सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवला की बायोसही मूळ सेटिंगवर येतो, किंवा बोर्डावरच्या त्यासाठीच्या दोन पिना क्षणभर जोडूनही ते होतं. पण थांबा, त्याआधी बिटलॉकरबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाबद्दल, शेवटी लिहिलंय ते वाचा.

चिन्ह दिसून मशीन परत सुरू होतंय, या लक्षणाला मी वेगळं वजन देतो. म्हणजे कधी कधी ते बायोसच्या पुढे जातंय. अर्धवट बसलेली रॅम हे करू शकते. तापलेला प्रोसेसर हे करतो: हलवताना हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, एक पाय सुटला तर काही सेकंदांत तापमान चढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. हीटसिंक हलक्या हाताने हलवून बघा, तो जराही डुलता कामा नये. आणि एसएमपीएस हे करतो. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, म्हातारे झालेले असतील, तर सतत प्लगमध्ये असताना ते कसेबसे चालतात आणि दोन दिवस थंड पडले की उठत नाहीत. सकाळी तिसऱ्या प्रयत्नात सुरू होणारं आणि मग दिवसभर चालणारं मशीन बहुतेक वेळा याच आजाराचं असतं.

मशीन पूर्ण मेलेलं असेल, पंखाही हलत नसेल, तर एसएमपीएसची साधी चाचणी आहे. प्लग काढा, २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढा, हिरव्या तारेची पिन आणि शेजारच्या काळ्या तारेची पिन वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा, आणि मगच प्लग लावून मागचं बटण चालू करा. पंखा फिरला तर तो निदान सुरू होतो. सगळ्या तारा काळ्या असतील तर आकृती बघून सोळावी पिन शोधा. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हा निष्कर्ष चुकीचा आहे. भार आल्यावर व्होल्टेज टिकतं का हे मीटरने, मशीन जोडलेलं असताना बघायचं असतं. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर ३.१४ ते ३.४७ एवढंच चालतं. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावणं. तो लावताना त्याच्याच केबली वापरा. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एका मॉडेलची केबल दुसऱ्याला बसते, पण आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क क्षणात जळते.

एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. तेवढा जीव घ्यायला पुरेसा आहे.

पंखे फक्त एक झटका देऊन थांबत असतील तर ते शॉर्टचं लक्षण आहे, किंवा प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा वीज कनेक्टर लावायचा राहिलाय. पुढच्या यूएसबी पोर्टमधल्या वाकून एकमेकींना टेकलेल्या पिनाही असं करतात. टॉर्च लावून आत डोकवा.

शॉर्टवरून एक मशीन आठवतं, कारण त्यालाही "बोर्ड गेला" असंच सांगितलं गेलं होतं. झटका, बंद, झटका, बंद. रॅम, कार्ड, डिस्क सगळं काढून पाहिलं, फरक नाही. शेवटी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, टेबलावर कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला, फक्त प्रोसेसर, हीटसिंक, एक रॅमची स्टिक आणि एसएमपीएस. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं आणि मशीन सरळ सुरू झालं. परत कॅबिनेटमध्ये बसवलं, पुन्हा झटका. मग टॉर्च घेऊन रिकाम्या कॅबिनेटच्या तळाकडे पाहिलं. बोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो त्यांतला एक जास्तीचा होता, बोर्डाला भोकच नाही अशा जागी. बोर्ड उलटा केला तर तिथे एका सोल्डरच्या टोकावर गोल चकाकणारा ओरखडा पडलेला. कॅबिनेट थोडं दाबलं गेलं होतं आणि इतके दिवस केसाच्या अंतरावर असलेला तो स्टँडऑफ आता टेकत होता. पक्कडीने तो काढला. मशीन त्यानंतर व्यवस्थित चालू राहिलं. म्हणून मी पुठ्ठ्यावरच्या चाचणीशिवाय कुठल्याही बोर्डाला मेलेला म्हणत नाही. पुठ्ठाच हवा. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मशीन सुरू करू नका, तिचा पृष्ठभाग वीज वाहून नेऊ शकतो.

समजा स्क्रीन आली, बायोसमध्ये जाता आलं, पण पुढे "बूट डिव्हाइस सापडलं नाही" अशा अर्थाचा संदेश आला. बायोसच्या यादीत डिस्कचं नाव दिसतंय का ते आधी बघा. दिसत नसेल तर केबल, पोर्ट किंवा डिस्क. डिस्क बोर्डाला जोडणारी सॅटा केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. दिसत असेल तर सेटिंग. विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने टाकलेली असेल तर बायोस लेगसी या जुन्या पद्धतीवर ठेवून ती सुरू होणार नाही, आणि उलटही तसंच. डिस्कचा मोड, म्हणजे बायोस डिस्कशी कसा बोलतो ती पद्धत, एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी) किंवा उलट गेला असेल, तर विंडोज सुरू होता होता निळ्या स्क्रीनवर अडकते. सेल दमल्यावर नेमकं हेच होतं. पूर्वीचा मोड निवडला की विंडोज काही न गमावता परत येते. विंडोजच्याच फायली बिघडल्या असतील तर लागोपाठ काही प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो. त्यातून स्टार्टअप रिपेअर, शेवटचं अपडेट काढणं, सेफ मोड, या क्रमाने जा. सगळं पुसून नव्याने टाकायच्या पर्यायाला डेटा बाहेर काढेपर्यंत हात लावू नका.

आणि डेटाबद्दल. डिस्कमधून टक टक असा ठरावीक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि बंदच ठेवा, तिथून पुढे डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं काम. आवाज नाही पण फायली उघडताना डिस्क अडखळतेय, तर दुरुस्तीआधी कॉपी. हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो. सुरुवातीच्या काळात अशाच एका अडखळणाऱ्या डिस्कवर मी विंडोजची डिस्क तपासणी, दुरुस्तीसकट, रात्रभर चालवली. हेतू चांगला होता. पण ती तपासणी डिस्कचा कोपरा न कोपरा वाचते आणि त्यात लिहितेही, आणि मरणाऱ्या डिस्कला नेमकं तेच झेपत नाही. सकाळी बायोसमध्ये डिस्कचं नावही नव्हतं. त्यात एका कुटुंबाचे लग्नाचे सगळे फोटो होते, आणि ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी यूएसबीवरून लिनक्स सुरू करतो आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो. ते आधी नीट वाचता येणारे भाग उचलतं आणि खराब भागांकडे नंतर वळतं. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची.

तुमच्या लक्षणांत डिस्क बिघडल्याची खूण मला दिसत नाही. बोर्ड खरोखर गेला असला तरी फोटो बोर्डात नसतात, डिस्कवर असतात, आणि डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून ते वाचता येतात. अडचण एकच येऊ शकते, बिटलॉकरची. विंडोज १० आणि ११ च्या अनेक मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते, कारण कुलूप बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षेच्या व्यवस्थेच्या मदतीने आपोआप उघडत असतं. बोर्ड बदलला, डिस्क दुसरीकडे लावली किंवा बायोस रीसेट केला, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, मागू शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग इन करत असाल तर ती बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. सेल काढण्यापूर्वी फोनवरून त्या खात्यात जा, ती रिकव्हरी की सापडली तर कागदावर उतरवून घ्या, आणि मग रॅमपासून सुरुवात करा.